सुवाह्य शिडाची होडी

वाऱ्याच्या जोरावर चालणारी, एकदोन माणसांना हाताळता येणारी आणि चाकांच्या गाडीवर घालून एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर नेता येईल इतकी हलकी होडी. मासेमारी व जलप्रवास अशा दोन्ही कामांसाठी ती वापरली जाते. तिची लांबी सामान्यतः ३.५ ते ६ मी. व रुंदी १.४ ते २ मी. असते. मोठ्या नौकेची रचना बंदर व समुद्र यांच्या मागण्यांवरून ठरते. या होडीच्या बाबतीत त्यांच्या जोडीला रस्ता हा तिसरा घटक येतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वाहनाची रुंदी २.६ मी. पेक्षा अधिक असू नये असे बंधन आहे. वजन मोटारगाडीला वा ट्रॅक्टरला ओढता यावे, डोलकाठी काढून होडीतच आडवी ठेवता यावी, तळ उथळ पाण्यात व गाडीवरही नीट टेकावा, अशा अटी पाळून ती वाऱ्यात उलटणार नाही इतकी स्थिर करावयाची, हा तिच्या रचनेतील मुख्य प्रश्न होय. या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळ्या प्रदेशांत शोधली गेली. समुद्रापासून दूर असलेल्या, परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे कृत्रिम जलाशय लाभलेल्या वऱ्हाडसारख्या प्रदेशाच्या दृष्टीने या इतिहासाला विशेष महत्त्व आहे.

वऱ्हाडातील पूर्वस्थिती : अमरावती व अकोला या जिल्ह्यांत शिडाच्या होडीची परंपरा आढळत नाही. याचे कारण येथील नद्यांच्या स्वरूपात आहे. सातपुड्यात उगम पावून पयानघाटाच्या मैदानातून पश्चिमेकडे वाहणारी पूर्णा आणि अमरावती जिल्ह्याची पूर्व सीमा ठरविणारी वर्धा या येथील प्रमुख नद्या. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांत डोहांची मालिकाच तेवढी उरते. पूर्णेचे काठ उंच व ठिसूळ असून पात्र खोल व वळणावळणाचे आहे. अशा पात्रात वारा काठांनी अडतो, शीड फुगत नाही. पुरात प्रवाहापुढे शिडाचे काही चालत नाही आणि इतर वेळी शीड उभारण्याइतके सलग पाणी नसते. त्यामुळे नदी ही येथे वाहतुकीची वाट नसून वाटेतील अडथळा होती आणि होडीचे काम एका काठावरून दुसऱ्या काठावर उतरविण्यापुरतेच होते.

हे काम भोई, ढीवर, कहार या समाजांकडे परंपरेने चालत आले. मासेमारी, उतार चालविणे, तलावातील शिंगाड्याची लागवड व तोडणी ही त्यांची कामे. भोई पालख्याही वाहत. त्यांची साधने साधी होती. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड ही त्यांपैकी सर्वांत हलकी व स्वस्त. डोक्यावरून गावोगाव नेता येणारी ती खऱ्या अर्थाने सुवाह्य होती, हे नोंदविण्याजोगे आहे. दुसरे साधन म्हणजे डोंगा. तो प्रथम एका ओंडक्यातून कोरून काढीत, पुढे फळ्या जोडून व नंतर लोखंडी पत्र्याचा करू लागले. डोंगा अरुंद, लांबट व सपाट तळाचा असून तो बांबूने रेटतात किंवा वल्ह्याने चालवितात. शांत डोहात एका माणसाने उभे राहून जाळे टाकावे, यासाठी तो घडलेला आहे; माणसे भरून नेण्यासाठी नव्हे. डोंग्याच्या या मूळ हेतूचा विसर पडल्यामुळे घडलेल्या अनर्थांचा विचार पुढे येईल.

जलमार्गाच्या अभावाची किंमत वऱ्हाडने व्यापारात मोजली. येथील कापूस मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारांत ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. उमरावती म्हणजे अमरावती या गावावरून ते नाव पडले. लोहमार्ग येण्यापूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो किमी. दूर मिर्झापूरला जाई आणि तेथे गंगेच्या काठी तो प्रथम होडीत चढे. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल लादून कापूस खुष्कीने कलकत्त्याकडे रवाना केल्याचे गॅझेटिअरमध्ये नमूद आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचल्यावर हा मार्ग मोडला. ज्या प्रदेशाने जगाला कापूस पुरविला, त्याला स्वतःच्या पाण्यावर कापडाचे शीड उभारण्याची वेळ मात्र कधी आली नाही.

प्राचीन उल्लेख : लहान नौकेची मापे प्रमाणबद्ध असावीत, हा विचार भारतात जुना आहे. धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरु या संस्कृत ग्रंथात नौकांचे प्रकार व त्यांची मापे दिली आहेत. राधाकुमुद मुखर्जी यांनी भारतीय नौकानयनाच्या इतिहासावरील आपल्या १९१२ च्या ग्रंथात ती उद्धृत केल्यामुळे ती अभ्यासकांच्या परिचयाची झाली. त्यांतील ‘सामान्य’ वर्गातील सर्वांत लहान नौका ‘क्षुद्रा’ ही १६ हात लांब, ४ हात रुंद व ४ हात उंच सांगितली आहे. हात म्हणजे सु. ४५ सेंमी. धरल्यास ती ७.२ मी. लांब व १.८ मी. रुंद भरते. रुंदी आजच्या रस्त्यावर सहज मावणारी आहे. परंतु रुंदीइतकीच उंची असलेली नौका वाऱ्यात डळमळीत झाली असती. ग्रंथातील मापे प्रत्यक्ष सुतारकामातून आली की ग्रंथकाराच्या गणितातून, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. ‘मध्यमा’ पासून पुढच्या बहुतेक प्रकारांत रुंदी लांबीच्या निम्मी आणि उंची रुंदीइतकी दिलेली पाहता दुसरी शक्यता अधिक वाटते. भोपाळच्या मोठ्या तलावाची निर्मिती परंपरा याच भोजाकडे देते. त्या तलावावर आज शिडाच्या नौकांचे प्रशिक्षण दिले जाते. मध्य भारतातील जलाशय शिडाला योग्य आहेत, याचा हा जवळचा दाखला होय.

कोकण किनारा : महाराष्ट्रात शिडाच्या लहान होडीची खरी परंपरा कोकणात घडली. तिचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात काम केलेले जेम्स हॉर्नेल यांनी केला आणि १९२० मध्ये तो बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. रत्नागिरीकडील अरुंद होडीला एका बाजूस दोन आडव्या काठ्यांनी जोडलेले तरते लाकूड असते, त्यास उलांडी म्हणतात. होडीची रुंदी न वाढविता तिला स्थैर्य देण्याची ही युक्ती आहे. वारा उलांडीच्या बाजूकडून आल्यास होडीवरील एखादा माणूस आडव्या काठीवर सरकून बसतो आणि त्याचे वजन शिडाच्या जोराला तोलते. उलांडी भारतात आग्नेय आशियातून व पॅसिफिक बेटांकडून आली, असे हॉर्नेल यांचे अनुमान होते. ते सर्वमान्य झालेले नाही. ही होडी वाळूवर ओढून घेणे सोपे असते. शिवाय उलांडी सोडविता येत असल्याने अशी होडी सुट्या भागांनी वाहून नेता येते. हा गुण कोकणात फारसा कामी आला नाही, कारण किनाऱ्यावर तशी गरजच नव्हती.

मचवा हा याहून मोठा प्रकार. त्याची नाळ पुढे बरीच झुकलेली, डोलकाठी पुढच्या बाजूस कललेली आणि शीड लांब तिरप्या काठीला बांधलेले असते. हे शीड दुरून त्रिकोणी दिसते. वस्तुतः त्याचा पुढचा कोपरा छाटलेला असल्याने ते चौकोनी असते. वाऱ्याच्या बाजूस तिरपे चालण्याच्या कामी ते उत्तम आहे. त्याचा दोष दिशा पालटताना कळतो. दिशा पालटावयाची म्हणजे ती लांब काठी शिडासह डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूस न्यावी लागते आणि त्यासाठी अनेक हात लागतात. कोळ्यांच्या मचव्यावर तेवढी माणसे जाळ्याच्या कामासाठी असतच, म्हणून हा दोष खुपत नसे. एकदोन माणसांच्या होडीवर मात्र हेच शीड धोक्याचे ठरते. कोकणातील शीड उचलून जसेच्या तसे धरणाच्या पाण्यावर नेता येत नाही, याचे कारण हे आहे.

१९५० नंतर मुंबई राज्यात मच्छीमार होड्यांवर यंत्रे बसविण्यास चालना मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे नौकास्थापत्यज्ञ त्या दशकात भारतात येऊन स्थानिक होड्यांचे अभ्यास करीत होते. यंत्र आल्याने कोळ्यांचा पल्ला वाढला व वाऱ्यावरचे अवलंबन संपले. मात्र शीड शिवणे, डोलकाठी उभारणे आणि वाऱ्याचा अंदाज घेणे ही विद्या पुढच्या पिढ्यांकडे पोहोचली नाही. ज्या दशकांत कोकणातून शीड नाहीसे होत होते, त्याच दशकांत देशावर व विदर्भात धरणांचे जलाशय निर्माण होत होते. या दोन घटनांची गाठ पडली असती, तर या नोंदीचा आशय वेगळा झाला असता.

पश्चिमी देशांतील विकास : शिडाची होडी वाऱ्याच्या दाबाने आडवी घसरू नये, यासाठी तिला पाण्याखाली खोल कणा लागतो, पण खोल कण्याची होडी उथळ पाण्यात जात नाही व गाडीवर बसत नाही. या पेचातून सुटका वरखाली सरकणाऱ्या फळीने झाली. चीनमधील नौकांत व दक्षिण अमेरिकेतील बाल्सा लाकडाच्या तराफ्यांत अशा फळ्या पूर्वीपासून होत्या. ब्रिटिश नौदलातील जॉन शँक (१७४०–१८२३) यांनी १७७४ मध्ये बॉस्टन येथे सरकत्या कण्याची लहान होडी बांधली. पुढे अमेरिकेत बिजागरीवर फिरून पेटीत शिरणारी मध्यफळी प्रचारात आली. तळाला काही लागताच ती आपोआप वर उचलली जाते. मध्यफळीवाचून सुवाह्य शिडाची होडी ही कल्पनाच संभवली नसती.

होडी गाडीवर घालून दूरच्या पाण्यावर न्यावी, ही कल्पना लोकप्रिय करण्याचे श्रेय जॉन मॅक्‌ग्रेगर (१८२५–९२) यांना दिले जाते. त्यांनी १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाची सु. ४.६ मी. लांब, ७० सेंमी. रुंद व ३६ किग्रॅ. वजनाची होडी घेऊन यूरोपातील नद्या व सरोवरे पालथी घातली. वल्ह्याच्या जोडीला तिच्यावर लहान शीड होते. एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना ते ती रेल्वेने किंवा शेतकऱ्याच्या गाडीवरून नेत. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनामुळे इंग्लंडमध्ये अशा होड्यांची हौस पसरली.

शिडाच्या कापडातही याच सुमारास बदल झाला. १८५१ मध्ये इंग्लंडमधील शर्यतीत ‘अमेरिका’ या नौकेने विजय मिळविला, तेव्हा तिची शिडे यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती कापडाची होती, तर इंग्रजी नौकांची जवसाच्या वाखाची होती. सुती शीड वाऱ्यात आकार अधिक चांगला राखते, हे त्या शर्यतीने पटविले. चांगल्या शिडासाठी पुढे ईजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाला मागणी आली. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस त्या स्पर्धेत नव्हता. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिएस्टर धाग्याचा शोध लागला आणि १९५० नंतर शिडे त्याचीच होऊ लागली. हे शीड भिजून जड होत नाही, कुजत नाही व ताणले जात नाही.

यानंतरचा मोठा बदल महायुद्धाने घडविला. विमाने व लष्करी नौका यांसाठी तयार झालेले जलाभेद्य प्लायवुड व न सुटणारे डिंक युद्धानंतर सर्वांना मिळू लागले. वांक उभे करून एकेक फळी वाफवून वाकविणाऱ्या कुशल सुताराची जागा आराखड्याप्रमाणे तक्ते कापणाऱ्या सामान्य माणसाने घेतली. उफा फॉक्स (१८९८–१९७२) यांनी १९२८ मध्ये ‘ॲव्हेंजर’ या होडीने पाण्याच्या पृष्ठावर घसरत धावणारा हलका सांगाडा सिद्ध केला होता. जॅक होल्ट (१९१२–९५) यांनी तो घरगुती कारागिरांच्या आवाक्यात आणला. त्यांची ‘एंटरप्राइज’ ही ४.०४ मी. लांबीची, निळ्या शिडांची होडी १९५६ मधील. भारतात ती चांगली रुजली व राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागाच्या स्पर्धांतही वापरली जाऊ लागली. बॅरी बकनेल यांच्या साहाय्याने होल्ट यांनी १९६३ मध्ये ‘मिरर’ ही ३.३ मी. लांबीची होडी तयार केली. प्लायवुडचे तक्ते तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांवर काचतंतूची पट्टी व रेझीन लावण्याची पद्धत तीत वापरली आहे. सांगाड्याचे वजन केवळ सु. ४५ किग्रॅ. होते. डोलकाठी दोन तुकड्यांची असल्याने सर्व काठ्या होडीच्या लांबीत मावत. एका वृत्तपत्राने पुरस्कृत केलेल्या या होडीच्या सत्तर हजारांवर प्रती बांधल्या गेल्या. दोन फळ्या शिवून जोडण्याची कला भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्याच्या दोरीने शेकडो वर्षे चालू होती. तंत्र तेच, काथ्याच्या जागी तार व राळेच्या जागी रेझीन आले.

या सर्व होड्या मुख्यतः शर्यतीच्या वा हौसेच्या होत्या. मासेमारी व प्रवास यांसाठी योग्य असा नमुना जॉन वॉटकिन्सन यांच्या ‘ड्रॅसकोम लगर’ या होडीत दिसतो. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेल्या वॉटकिन्सन यांनी ती १९६० नंतरच्या दशकात आपल्या कुटुंबासाठी प्लायवुडची बांधली; पुढे ती काचतंतू-प्लॅस्टिकची होऊ लागली. तिची लांबी ५.७२ मी., रुंदी १.९ मी., वजन सु. ३४० किग्रॅ. व शिडांचे क्षेत्रफळ सु. १२ चौ. मी. आहे. मध्यफळी वर घेतल्यावर तिला २५ सेंमी. पाणी पुरते, खाली सोडल्यावर १.२ मी. लागते. मोठे शीड एकच न ठेवता ते तीन लहान शिडांत विभागले आहे. वारा वाढला की मधले शीड उतरवून पुढचे व मागचे तेवढे ठेवावयाचे. होडीचा तोल बिघडत नाही. मागचे छोटे शीड एकटे उभे ठेवल्यास होडी वाऱ्याकडे तोंड करून स्थिर राहते व तेवढ्या वेळात जाळे ओढता येते. मच्छीमाराला हा गुण वेगापेक्षा मोलाचा आहे. मुख्य शिडाखाली आडवी काठी नसल्याने दिशा पालटताना कोणाच्या डोक्यास मार बसत नाही. डेव्हिड पाइल यांनी याच जातीची होडी १९६९–७० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत नेली. अशा सफरींनी होडीची क्षमता सिद्ध होते हे खरे. मात्र त्यांवरून उघड्या होडीने समुद्रात जाणे सुरक्षित असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

रचना : होडीचा आराखडा करताना प्रथम भार ठरवावा लागतो, नंतर शीड. फ्रेंच शास्त्रज्ञ पियर बूगेअर (१६९८–१७५८) यांनी १७४६ च्या आपल्या ग्रंथात नौकेच्या स्थैर्याचे गणित मांडले. त्यातील दोन गोष्टी लहान होडीला थेट लागू पडतात. होडी किती बुडेल हे पाणरेषेवरील तिच्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि ती कलण्यास किती विरोध करील हे मुख्यतः पाणरेषेवरील रुंदीच्या घनावर अवलंबून असते.

सु. ५ मी. लांब दोन नौका घेऊन हे स्पष्ट करता येईल. एक १.८ मी. रुंदीची शिडाची होडी. तिची पाणरेषेवरील लांबी ४.६ मी. व रुंदी १.५ मी. धरल्यास पाणपृष्ठाचे क्षेत्रफळ टोके निमुळती असल्याने सु. ४.८ चौ. मी. भरते. म्हणजे ४८ किग्रॅ. भार वाढला की ती १ सेंमी. खाली जाते. ६० किग्रॅ. वजनाची दहा माणसे चढल्यास ती साडेबारा सेंमी. बुडेल. दुसरा तितक्याच लांबीचा डोंगा, पाणरेषेवर ७० सेंमी. रुंद. त्याचे पाणपृष्ठ सु. २.४ चौ. मी.; दहा माणसांनी तो २५ सेंमी. बुडेल. पुष्कळ डोंग्यांत रिकामेपणी पाण्याबाहेर राहणारी कड याहून फारशी अधिक नसते. परंतु खरे अंतर कलण्याच्या विरोधात आहे. रुंदीचे गुणोत्तर १.५ : ०.७ म्हणजे सु. २.१ पट, त्याचा घन जवळजवळ दहा. एक माणूस एका बाजूस झुकला असता रुंद होडी जेथे थोडी कलते, तेथे अरुंद डोंग्याची कड पाण्याखाली जाऊ शकते. माणसे उभी राहिल्यास भाराचा मध्य वर जातो व स्थैर्य आणखी घटते.

शिडावरील वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. म्हणून अशा होडीवर शीड बेताचेच ठेवतात व ते झटपट लहान करण्याची सोय करतात. वऱ्हाडात मे महिन्यातील वळवाच्या वावटळी काही मिनिटांत उठतात, हे ध्यानात घेता ही सोय येथे अपरिहार्य ठरेल. वेगाची अपेक्षा फार ठेवून चालत नाही, ५ मी. पाणरेषेची होडी पाणी कापत तासाला सु. १० किमी. पेक्षा जलद जात नाही, मग शीड कितीही वाढवा. सुकाणूचे पातेही मध्यफळीप्रमाणे वर उचलले जाणारे असावे लागते, नाहीतर ते जाळ्यात अडकते. होडीच्या दोन्ही टोकांस व बाकांखाली हवाबंद कप्पे किंवा फेसाळ प्लॅस्टिकचे ठोकळे बसवितात. ०.३ घ. मी. आकारमानाचे ठोकळे सु. ३०० किग्रॅ. भार तोलून धरतात. होडीत पाणी भरले तरी ती बुडत नाही व माणसांना तिला धरून राहता येते. लाकडी डोंगा पाणी भरल्यावर निदान तरंगतो. पत्र्याचा थेट तळाला जातो. लाकूड महाग झाले म्हणून पत्रा आला, तेव्हा लाकडाबरोबर हा आधारही गेला, याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

धरणांचे जलाशय : अकोला जिल्ह्यात महानजवळील काटेपूर्णा, तेलहारा तालुक्यातील वान, अमरावती जिल्ह्यातील शहानूर व मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा या धरणांनी वऱ्हाडात प्रथमच विस्तीर्ण व बारमाही पाणी आणले. त्यांपैकी तेरा दरवाजांचे ऊर्ध्व वर्धा धरण १९९३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास नल-दमयंती सागर असे नाव आहे. अशा जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात आणि त्यांत रोहू, कटला, मृगळ यांचे मत्स्यबीज सोडले जाते. डोहात मासे धरणारा भोई अशा रीतीने काही किमी. रुंद पाण्यावर येऊन पोहोचला. त्याचे साधन मात्र डोहाचेच राहिले. पुष्कळ ठिकाणी डोंग्याच्या जोडीला फुगविलेल्या रबरी नळ्या व थर्मोकोलचे तराफेही वापरले जातात. भोपळ्यांच्या सांगडीचाच हा नवा अवतार होय. फरक इतकाच की सांगड डोहासाठी होती.

या जलाशयांची काही वैशिष्ट्ये होडीच्या रचनेवर परिणाम करतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काठ दूर सरकतो व मध्ये चिखलाचा पट्टा उरतो. होडी रोज ओढून न्यावी लागते. बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली उभे असतात व स्थिर कण्याच्या होडीला ते घातक ठरतात. या दोन्ही अडचणी मध्यफळीच्या, सपाट तळाच्या हलक्या होडीने बऱ्याच अंशी सुटतात. विदर्भात बंडी व ट्रॅक्टर ही वाहने गावोगाव असल्याने होडी वाहण्यासाठी वेगळ्या मोटारगाडीची गरज पडत नाही. लहान चाकांचा सांगाडा त्यांना जोडता येतो. शिडामुळे इंधनाचा खर्च वाचतो. आणखी एक बाब विचारात घेण्याजोगी आहे. अमरावती शहर ऊर्ध्व वर्धाचे व अकोला शहर काटेपूर्णाचे पाणी पिते. बाह्य यंत्रातून गळणारे तेल अशा पाण्यात जाणे इष्ट नाही. शिडाच्या विरोधी बाजूसही वजन आहे. हिवाळ्यात अनेक दिवस वारा पडलेला असतो, म्हणून वल्हे लागणारच. आणि पहाटे जाळे उचलण्याच्या वेळी बहुधा वारा नसतो. शीड हे वल्ह्याला पर्याय नसून दूरच्या जाळ्यापर्यंतचा व परतीचा श्रम वाचविणारे साधन समजावे लागेल.

होडी बांधण्यासाठी लागणारे तंत्र देशात उपलब्ध आहे. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर काचतंतूचे आवरण देऊन लहान होड्या तयार केल्या व त्या टिकाऊ ठरल्या. तक्ते शिवून होडी बांधण्याची पद्धत तालुक्याच्या गावातील सुताराला थोड्या प्रशिक्षणाने आत्मसात करता येईल अशी आहे. तरीही वऱ्हाडातील जलाशयांवर शिडाची मच्छीमार होडी रूढ झालेली नाही. याचे कारण रचनेत नाही. संस्थेच्या ठेक्याची मुदत मर्यादित असते, होडी मात्र पंधरा-वीस वर्षे टिकावी लागते. ठेका राहील की नाही याची खात्री नसलेला सभासद टिकाऊ होडीत पैसा घालण्यास धजत नाही आणि पत्र्याच्या डोंग्यावर भागवितो.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात वर्धा नदीवर गाडेगावनजीक नाव उलटून अकरा जणांचा मृत्यू झाला. एका कुटुंबातील दशक्रियेसाठी जमलेली ती नातलग मंडळी झुंज येथील धबधब्याकडे निघाली होती. नदी पावसाळ्याची होती. अशा प्रसंगी नाव कोणाची, चालविणारा कोण, यांची चौकशी होते. नावेची रुंदी, पाण्याबाहेरची कड व ती किती माणसांसाठी बांधली होती, यांची मोजणी सहसा होत नाही, कारण मोजण्यासाठी मूळ आराखडाच नसतो. १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा वाफेच्या व पुढे यंत्रचलित नौकांपुरता होता. वल्ह्याची वा शिडाची होडी त्याच्या कक्षेबाहेर होती. ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे या दुर्घटनेच्या जेमतेम महिनाभर आधी, मंजुरी मिळालेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यंत्राविना चालणाऱ्या नौकांसाठी प्रथमच स्वतंत्र प्रकरण घातले असून त्यांच्या नोंदणीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद केली आहे. समुद्रगामी जहाजांच्या अंगावर भाररेषा रंगविणे इंग्लंडमध्ये १८७६ च्या कायद्याने सक्तीचे झाले. लहान होडीवर अशी रेषा काढण्यास एक डबा रंग पुरतो. ती कोठे काढावयाची हे ठरविण्यासाठी मात्र होडी रिकामी व भरलेली अशी दोनदा पाण्यावर ठेवून मोजावी लागते आणि हे काम नोंदणी करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या पातळीवर कोणी करावयाचे, यावर त्या तरतुदीची उपयुक्तता अवलंबून आहे.